सोरायसिसच्या रुग्णाने सांध्यांकडे केव्हा पाहावे

कळमन्याच्या बाजार-आवारात ज्या माणसांच्या खांद्यांवरून नागपूरचा धान्यव्यवहार वाहतो, त्यांच्या लेखी अंगदुखी हा मजुरीचाच एक भाग झालेला असतो. आंबिया बहाराच्या संत्र्यांचे ढीग दिवाळीच्या आगेमागे लागू लागतात, पाठोपाठ थंडीत लाल मिरचीची आवक सुरू होते, धान्याचे कट्टे तर बारमाही उतरत आणि चढत असतात. आणि या सगळ्या राबत्यात कंबर धरली तर ती ओझ्याने धरली, टाच दुखली तर ती उभे राहून दुखली, बोट सुजले तर ते पोत्याखाली सापडले असेल, अशी प्रत्येक दुखण्याची कैफियत आगाऊच ठरून गेलेली असते. बहुतेक वेळा ती खरीही असते. परंतु ज्याच्या कोपरांवर, गुडघ्यांवर, कानामागे किंवा डोक्याच्या केसांत पांढुरक्या खवल्यांचे लालसर चट्टे आहेत आणि ज्याला डॉक्टरांनी सोरायसिस असल्याचे सांगितले आहे, त्याने ही ठराविक कैफियत खातरजमा केल्यावाचून मान्य करू नये. कारण त्वचेवरचे चट्टे आणि सांध्यांतले दुखणे ही एकाच व्याधीची दोन ठिकाणे असण्याचा संभव त्याच्या बाबतीत इतरांहून कितीतरी पटींनी अधिक असतो. तो किती अधिक असतो, ओळखावा कसा, आणि ओळखल्यावर कोठे जाऊन काय करावे, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

सोरायसिस हा संसर्गजन्य रोग नव्हे, हे प्रथम निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. फळे आणि धान्य हाताळणाऱ्या माणसाच्या हातावर चट्टे दिसले की भोवतालच्यांच्या नजरा बदलतात, त्या नजरांच्या भयाने तो बाह्या खाली ओढून रोग लपवू लागतो, आणि लपवलेल्या रोगाची तपासणी कधीच होत नाही. रुग्णाच्या स्पर्शाने, त्याच्याबरोबर एका माठातले पाणी प्याल्याने किंवा त्याने निवडलेली संत्री खाल्ल्याने हा रोग कोणालाही होत नाही. शरीराची जी संरक्षक यंत्रणा परकीय जंतूंचा बंदोबस्त करण्यासाठी असते, ती या व्याधीत स्वतःच्याच देहावर उलटते. त्वचेच्या ज्या पेशी एरवी तयार होऊन गळून पडायला सुमारे महिना घेतात, त्या चार-पाच दिवसांतच वर येऊ लागतात आणि त्यांचेच खवले साचतात. हाच दाह जेव्हा सांध्यांच्या अस्तरात, तसेच स्नायूला हाडाशी बांधणाऱ्या कंडरा जेथे हाडात रुजतात त्या जागी प्रकट होतो, तेव्हा त्यास सोरायसिसचा संधिवात असे म्हणतात. पॅरिसचे त्वचारोगतज्ज्ञ आलिबेर यांनी 1818 सालीच या दोहोंच्या साहचर्याची नोंद केली होती. पण पुढे जवळजवळ दीडशे वर्षे वैद्यकाने त्यास ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचेच एक रूप मानले, आणि 1964 साली अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने त्यास स्वतंत्र व्याधीचा दर्जा दिला. 1973 साली मॉल आणि राइट या लीड्सच्या वैद्यांनी त्याचे पाच प्रकार वर्णिले. आज जगभर निदानाच्या अभ्यासात जे निकष वापरले जातात ते 2006 साली ठरले आणि ‘कॅस्पार’ या नावाने ओळखले जातात. एवढ्या जुन्या ओळखीच्या व्याधीची सामान्य रुग्णाला वार्ताही नसावी, ही गोष्ट मला फार खेदाची वाटते.

आता प्रमाणाचा प्रश्न. सोरायसिसच्या रुग्णांपैकी किती जणांना संधिवात होतो, याचे एकच एक उत्तर नाही, आणि ते का नाही हे समजून घेतल्यावाचून कोणत्याही आकड्याने व्यर्थ घाबरण्यात किंवा व्यर्थ निर्धास्त होण्यात अर्थ नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात निरनिराळ्या देशांतील 266 अभ्यास आणि त्यांतील सुमारे पावणेदहा लाख रुग्ण एकत्र धरण्यात आले होते; त्यात संधिवाताचे प्रमाण 19.7 टक्के निघाले, म्हणजे स्थूलमानाने पाच रुग्णांत एक. खंडवार पाहता युरोपात ते 22.7 टक्के, तर आशियात 14 टक्के होते. ज्यांचा त्वचारोग सौम्य होता त्यांच्यात 15.8 टक्के, आणि ज्यांचा मध्यम ते तीव्र होता त्यांच्यात 24.6 टक्के. आपल्या देशातला एक काळजीपूर्वक केलेला अभ्यास चंडीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेचा असून तो 2014 साली प्रसिद्ध झाला. तेथील चर्मरोग विभागात आलेल्या 1149 सोरायसिसग्रस्तांपैकी 100 जणांना, म्हणजे 8.7 टक्क्यांना, हा संधिवात आढळला. बारांत एक, असे म्हणता येईल.

बारांत एक हे प्रमाण ऐकून ज्याला हायसे वाटेल, त्याने त्याच्याशेजारी महाराष्ट्रातलाच एक दुसरा आकडा ठेवून पाहावा. पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी यांनी 1996 साली इंदापूर तालुक्यातील भिगवण या गावी घरोघर जाऊन सांधेदुखीची जी पाहणी केली, तीत चार हजारांवर प्रौढ माणसांची नोंद झाली आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवात, ज्याचे नाव ऐकून आपल्याकडील घरे धास्तावतात, तो सुमारे अर्धा टक्का लोकांत, म्हणजे दोनशे प्रौढांत एकाला, असल्याचे दिसले. सर्वसाधारण माणसांत ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचे प्रमाण हे असे शेकड्यात एकाहून कमी. आणि सोरायसिसच्या रुग्णांत त्या रोगाच्या संधिवाताचे प्रमाण भारतातील कमी वाटणाऱ्या आकड्याप्रमाणेसुद्धा शेकड्यात आठ-नऊ. दोन्ही ठिकाणी मोजण्याची रीत एक नव्हती, हे ध्यानात ठेवूनही या अंतराचा अर्थ बदलत नाही.

आकडे निरनिराळे येण्याचे कारण मुख्यतः मोजणाऱ्याच्या जागेत आणि हातात असते. इस्पितळात येणारा रुग्ण हा मुळातच अधिक त्रासलेला असतो, म्हणून तेथे मोजलेले प्रमाण चढे येते. गावोगाव किंवा दूरध्वनीवरून सौम्य रुग्णांनाही धरून मोजले की ते उतरते. 2005 साली अमेरिकेत लोकसंख्येतून निवडलेल्या सोरायसिसग्रस्तांना विचारून जी गणना झाली तीत ते 11 टक्केच होते, पण त्याच गणनेत ज्यांच्या अंगावरचे चट्टे स्वतःच्या हाताच्या दहाहून अधिक तळव्यांएवढ्या जागेत पसरले होते, अशांमध्ये ते निम्म्याहून अधिक भरले. शिवाय त्वचेच्या डॉक्टरांनी प्रश्न विचारून मोजणे वेगळे आणि संधिवाताच्या डॉक्टरांनी एकेक सांधा दाबून मोजणे वेगळे. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात युरोप आणि उत्तर अमेरिकेतील त्वचारोग केंद्रांतल्या 949 रुग्णांना संधिवाततज्ज्ञांनी स्वतः तपासले, तेव्हा 30 टक्क्यांना संधिवात निघाला. आणि त्या 30 टक्क्यांतील 41 टक्के लोकांना, आपणास तो आहे याची तोवर कल्पनाच नव्हती. चंडीगडच्या त्या शंभर जणांत तर 83 जणांचे निदान त्याच पाहणीत प्रथम झाले. माझ्या मते या साऱ्या आकडेमोडीत वाचकाने लक्षात ठेवण्याजोगा आकडा हा शेवटचाच आहे. ज्यांना व्याधी जडली होती, जे डॉक्टरांकडे जातही होते, अशा शंभरांतल्या 83 जणांच्या सांध्यांची दखल तोवर कोणी घेतलेलीच नव्हती.

असे का होते, हे आपल्या इस्पितळांची रचना पाहिली की ध्यानात येते. चट्ट्यांसाठी रुग्ण चर्मरोग विभागाची चिठ्ठी काढतो, गुडघ्यासाठी अस्थिरोग विभागाची. पहिल्या दारात तो गुडघ्याविषयी बोलत नाही, कारण तेथे त्याचा संबंध काय असे त्याला वाटते, आणि दुसऱ्या दारात सदरा वर करून चट्टे दाखवीत नाही, कारण तेथे ते दाखविण्याची त्याला लाज वाटते. शिवाय दोन्ही व्याधी एका वेळी येतातच असे नाही. सुमारे 70 टक्के रुग्णांत त्वचारोग आधी येतो आणि सांध्यांचे दुखणे त्यामागून, पुष्कळदा आठ-दहा वर्षांनी, येते. साधारण 15 टक्क्यांत दोन्ही आगेमागे उद्भवतात, आणि उरलेल्यांत सांधे आधी धरतात व चट्टे मागून दिसतात. दहा वर्षांपूर्वी कोपरावर उमटलेला आणि आता सवयीचा झालेला चट्टा आजच्या टाचदुखीचे कारण सांगत असेल, हे कोणाला सहजासहजी सुचावे? टोरांटो येथे सोरायसिसच्या रुग्णांवर वर्षानुवर्षे नजर ठेवून जी नोंद झाली, तीप्रमाणे दर वर्षी शंभरांतल्या दोन-तीन जणांना नव्याने संधिवात होत गेला. तेव्हा आज सांधे निर्दोष आहेत एवढ्यावरून उद्याची हमी मिळत नाही. ही विचारपूस दर सहा महिन्यांनी किंवा निदान वर्षाने एकदा, स्वतःची स्वतःच करीत राहावी लागते.

कोणाला धोका अधिक, याची काही चिन्हे अंगावरच लिहिलेली असतात. त्यांत नखांना मी अग्रस्थान देईन. सोरायसिसमध्ये नखांवर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खड्डे पडतात, नख टोकाकडून सुटून वर येते, त्याखाली पिवळट तपकिरी डाग दिसतो, कधी नख जाड होऊन भुरभुरू लागते. पुष्कळ जण हा बुरशीचा रोग समजून महिनोन्‌महिने मलमे लावीत बसतात. परंतु बोटाच्या शेवटच्या सांध्यावरून जाणारी कंडरा नखाच्या मुळाशी जवळजवळ एकरूप झालेली असते, त्यामुळे नखाच्या मुळाचा दाह आणि त्या सांध्याचा दाह ही अगदी शेजारची घरे आहेत. चंडीगडच्या संधिवातग्रस्तांत 87 टक्क्यांची नखे बिघडलेली होती, ही गोष्ट या दृष्टीने पाहावी. नखांखालोखाल महत्त्वाचे चट्टे म्हणजे डोक्यातले आणि नितंबांमधल्या घडीतले. डोक्यातला खवला कोंडा म्हणून सोडून दिला जातो, आणि घडीतल्या चट्ट्याविषयी तर रुग्ण घरच्यांशीही बोलत नाही. पण डॉक्टरांना ते सांगितलेच पाहिजे. स्थूलता, आणि रक्ताच्या नात्यात कोणास हा संधिवात असणे, ही आणखी दोन कारणे होत.

कळमन्यासारख्या ठिकाणी याहून निराळ्या एका कारणाचा विचार करणे प्राप्त आहे, आणि ते म्हणजे ओझे. 2011 साली टोरांटोच्या वैद्यांनी, ज्यांना संधिवात झाला आणि ज्यांना नुसताच त्वचारोग राहिला, अशा सोरायसिसग्रस्तांच्या पूर्वायुष्याची तुलना केली. तासाभरात एकूण 100 पौंड, म्हणजे सुमारे 45 किलो, किंवा त्याहून अधिक वजन उचलण्याचे काम ज्यांच्या वाट्याला आले होते, त्यांच्यात संधिवाताची शक्यता पावणेतीन पटींच्या घरात दिसली. ज्यांना मोठी दुखापत झाली होती त्यांच्यातही ती सुमारे दुप्पट होती. कळमन्यातल्या हमालाचा तासाचा हा कोटा 50 किलोंचा पहिला कट्टा पाठीवर घेतल्याक्षणीच पुरा होतो. एका अभ्यासाने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही, हे खरे. पण कंडरा जेथे हाडात रुजते त्या जागेवर वारंवार ताण पडून तेथे सूक्ष्म इजा होते, आणि ज्याच्या रक्तातच दाहाची प्रवृत्ती आहे त्याच्या ठायी ती इजा भरून येण्याऐवजी धुमसत राहते, ही उपपत्ती प्रयोगांच्या कसोटीवरही बरीच टिकलेली आहे. ज्याचे घर रोजच्या हजेरीवर चालते त्याला काम सोडा असा सल्ला देणे निर्दयपणाचे होईल, आणि तो मी देणार नाही. पण सोरायसिस असलेल्या हमालाने इतर हमालांहून दसपट सावध राहावे, असे मात्र आग्रहाने सांगतो.

मग ओझ्याचे दुखणे आणि या रोगाचे दुखणे यांत भेद कसा करावा? श्रमाचे दुखणे श्रमाने वाढते आणि विश्रांतीने उतरते. दिवस चढतो तसे ते चढते, आणि रात्री पाठ टेकली की शांत होते. दाहाच्या दुखण्याची रीत याच्या नेमकी उलट. ते पहाटे अधिक असते, उठल्यावर सांधे अर्धा तास, कधी तास-दीड तास, आखडलेले राहतात, मूठ वळत नाही, कट्ट्याचा कान बोटांत धरवत नाही. आणि मग चालते-फिरते झाल्यावर ते हळूहळू सैल होतात. सुटीच्या दिवशी बरे वाटण्याऐवजी अधिक आखडल्यासारखे होते. कंबरदुखी असेल तर ती चाळिशीच्या आत, हळूहळू सुरू झालेली, तीन महिन्यांहून अधिक काळ टिकलेली, मध्यरात्रीनंतर झोपेतून उठवणारी आणि पडून राहण्याने न शमणारी असते. टाचेच्या मागे, जेथे पोटरीची जाड कंडरा रुजते, तेथे किंवा तळव्याच्या बाजूने टाचेखाली दुखते. आणि सर्वांत बोलके चिन्ह म्हणजे एखादे बोट, हाताचे वा पायाचे, एका सांध्यापुरते न सुजता मुळापासून शेंड्यापर्यंत सबंध फुगून लाल होणे. चंडीगडच्या रुग्णांपैकी सव्वीस टक्क्यांना असे बोट सुजलेले होते, आणि कंडरांच्या मुळांचा दाह सदुसष्ट टक्क्यांना. डोळा लाल होऊन दुखणे, उजेड न सोसणे, दिसणे धूसर होणे ही लक्षणे उद्भवली तर तो नेत्राच्या आतला दाह असू शकतो. त्यासाठी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा.

येथे विदर्भापुरती एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. 2006 साली चिकनगुनियाने या भागातील घरेच्या घरे अंथरुणाला खिळवली होती, आणि 2024 च्या पावसाळ्यातही नागपुरात त्याचा जोर झाला. त्या तापानंतर सांधे महिनोन्‌महिने दुखत राहतात हे सर्वांना ठाऊक असल्यामुळे, आजही कोणाचे सांधे धरले की ‘चिकनगुनियाचेच राहिले असेल’ असे म्हणून प्रकरण मिटवले जाते. ताप केव्हा आला, त्याआधी सांधे कसे होते, आणि तीन महिने उलटूनही सूज का उतरत नाही, हे प्रश्न सोरायसिसच्या रुग्णाने स्वतःस विचारलेच पाहिजेत. दुसरा घोटाळा गाउटचा. सोरायसिसमध्ये रक्तातील युरिक आम्ल पुष्कळदा वाढलेले असते, त्यामुळे सुजलेला अंगठा पाहून आणि अहवालातील आकडा वाचून गाउटचे औषध सुरू होते आणि खरा रोग बाजूला राहतो. तिसरा घोटाळा खुद्द ऱ्हुमॅटॉइड संधिवाताचा, कारण चंडीगडच्या पाहणीत निम्म्याहून अधिक रुग्णांचे दोन्ही बाजूंचे पुष्कळ सांधे त्याच पद्धतीने धरलेले होते. या व्याधीला एकच एक निर्णायक रक्ततपासणी नाही. ‘आर. ए. फॅक्टर’ बहुधा नकारात्मक येतो, आणि दाह मोजणाऱ्या ई. एस. आर. व सी. आर. पी. या तपासण्याही कित्येक रुग्णांत सर्वसाधारण येतात. अहवाल चांगला आला म्हणून दुखणे खोटे ठरत नाही. निदान शेवटी अनुभवी वैद्याच्या बोटांनी, नखे आणि त्वचा पाहून, आणि गरजेप्रमाणे क्ष-किरण, सोनोग्राफी किंवा एम. आर. आय. यांच्या साह्याने होत असते.

या सर्वांतून वाचकाने स्वतःशी करण्याची चौकशी पाच प्रश्नांत बसते. इंग्लंडात 2009 साली तयार झालेली ‘पेस्ट’ नावाची प्रश्नावली नेमकी हेच विचारते. तुमचा एखादा सांधा कधी सुजला होता का? तुम्हाला संधिवात आहे असे कोणा डॉक्टरांनी कधी सांगितले होते का? नखांवर खड्डे आहेत का? टाच कधी दुखली का? एखादे बोट कारणावाचून सबंध सुजून दुखले होते का? पाचांपैकी तिहींचे उत्तर ‘होय’ असेल तर संधिवाताच्या दृष्टीने तपासणी करून घेणे अगत्याचे आहे. माझी शिफारस थोडी पुढची आहे. सोरायसिस आहे, आणि सबंध बोट एकदा जरी सुजले किंवा सकाळचा आखडलेपणा सहा आठवडे टिकला, तरी तिसऱ्या ‘होय’ची वाट पाहू नये.

कळमना, पारडी, भांडेवाडी या भागांतल्या माणसाला सर्वांत जवळचे मोठे सरकारी इस्पितळ म्हणजे मेयो, म्हणजेच इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. त्यापलीकडे 1947 साली सुरू झालेले मेडिकल, म्हणजेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, आणि मिहानमधील एम्स. चर्मरोगाची चिठ्ठी काढून आत गेल्यावर पहिले वाक्य चट्ट्यांविषयी असावे आणि दुसरे सांध्यांविषयी. आणि अस्थिरोग विभागात किंवा मेडिसिनमध्ये गेल्यास हाच क्रम उलटा करावा. ‘मला सोरायसिस आहे आणि माझे सांधे सकाळी आखडतात, दोन्हींचा संबंध असू शकेल का’, एवढे एक वाक्य बोलले की पुढचा तपास योग्य वाटेला लागतो. सूज येते आणि जाते, नेमक्या तपासणीच्या दिवशी ती नसते, म्हणून ती असताना मोबाइलवर बोटांचे, टाचेचे, नखांचे छायाचित्र काढून ठेवावे. किती वाजता उठता आणि किती वाजता मूठ वळते, हे आठवडाभर एका कागदावर टिपून न्यावे. घेत असलेल्या सर्व औषधांच्या पट्ट्या, रक्तदाबाच्या गोळ्यांसकट, बरोबर असाव्यात, कारण काही औषधांनी सोरायसिस भडकतो.

घाई कशासाठी, असे कोणी विचारील. 2015 साली आयर्लंडमधून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लक्षणे सुरू झाल्यापासून संधिवाततज्ज्ञाची गाठ पडेपर्यंत सहा महिन्यांचा जरी विलंब झाला, तरी पुढे सांध्यांची झीज आणि हातापायांचे अपंगत्व अधिक आढळले. हाड एकदा कुरतडले गेले की ते औषधाने पूर्ववत होत नाही. औषधाचे सामर्थ्य जे अजून शाबूत आहे ते राखण्यात आहे. ज्याची रोजी बोटांच्या पकडीवर आणि टाचेच्या टेकूवर चालते, त्याला सहा महिने ही केवढी मोठी मुदत आहे, हे त्याला वेगळे सांगावयास नको.

उपचारांविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण येथे होणाऱ्या चुका रोगाहून घातक ठरतात. वेदनाशामक गोळ्या सूज आणि दुखणे तात्पुरते उतरवतात, सौम्य रोगात काही काळ तेवढे पुरतेही. पण दुकानातून मागून त्या महिनोन्‌महिने घेतल्यास जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होते. नागपूरच्या वैशाखात, पारा पंचेचाळिशीपलीकडे गेलेला असताना, घामाने शरीर कोरडे पडलेल्या आणि पुरेसे पाणी न प्यालेल्या हमालाने ही गोळी रोज घेणे म्हणजे मूत्रपिंडांवर दुहेरी संकट ओढवून घेणे होय. त्याहून भयंकर प्रकार बिननावाच्या पुड्यांचा. ‘गठिया मुळापासून घालवतो’ म्हणून जी पूड किंवा काळी गोळी हातोहात मिळते, तीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याचा धोका असतो. ती घेतली की दोन दिवसांत जादू झाल्यासारखे वाटते, आणि ती अचानक बंद झाली की सोरायसिस उसळून सबंध अंग लाल होण्यापर्यंत किंवा अंगभर पूयुक्त फोड येण्यापर्यंत मजल जाते. अशी पुडी घेतली असेल तर तीही डॉक्टरांना निःसंकोचपणे दाखवावी. कोणीही त्याबद्दल जाब विचारीत नाही, आणि विचारला तरी जीव त्याहून मोलाचा आहे.

मुख्य औषधांत मेथोट्रेक्सेट हे आपल्याकडे सर्वांत अधिक वापरले जाते. ते स्वस्त आहे, त्वचा आणि सांधे या दोहोंसाठी दिले जाते, आणि त्याचा गुण यायला सहा ते बारा आठवडे लागतात. त्याबाबत एकच गोष्ट दहादा सांगावीशी वाटते. ही गोळी आठवड्यातून एकाच दिवशी घ्यावयाची असते, रोज नव्हे. ती रोज घेतल्याने तोंड सोलवटून, रक्तातील पेशी घटून माणसे दगावलेली आहेत. म्हणून वार ठरवून घ्यावा, तो घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी सांगून ठेवावा, आणि चिठ्ठीवर डॉक्टरांकडून तो मराठीत ठळक लिहून घ्यावा. बरोबर दिलेल्या फॉलिक आम्लाच्या गोळ्या चुकवू नयेत, रक्ताची आणि यकृताची तपासणी नेमल्या तारखेस करावी, दारू पूर्णपणे वर्ज्य करावी. आणि मूल होऊ द्यावयाचा विचार असलेल्या स्त्रीने ते सुरू करण्याआधीच तसे स्पष्ट सांगावे, कारण गर्भाला ते अपाय करते. सर्दी-खोकल्यासाठी किंवा लघवीच्या विकारासाठी दुसऱ्या डॉक्टरकडे गेल्यास त्यालाही या गोळीविषयी सांगावे. को-ट्रायमोक्साझोलसारखे साधे प्रतिजैविक तिच्याबरोबर घेतल्यास विषबाधा होऊ शकते. याने भागले नाही तर लेफ्लुनोमाइड, सल्फासॅलाझिन, आणि त्यापुढे दाहाच्या नेमक्या दूतालाच अडविणारी जैविक इंजेक्शने आहेत. त्यांपैकी अ‍ॅडालिमुमॅबची भारतीय बनावटीची प्रत 2014 पासून मिळू लागल्याने पूर्वीपेक्षा ती आवाक्यात आली आहेत, तरी ती महाग आहेत. आणि आपल्या देशात ती देण्यापूर्वी क्षयरोगाची तपासणी केल्याशिवाय चालत नाही, कारण शरीरात सुप्त असलेला क्षय त्यांनी जागा होऊ शकतो.

औषधाला वजनाची जोड हवी. स्थूल रुग्णाने शरीराचे वजन पाच टक्क्यांनी जरी घटविले, तरी औषधाचा गुण अधिक येतो असे दिसून आले आहे. ऐंशी किलोंच्या माणसाला हे चार किलो होतात, आणि ते अशक्य नाहीत. तंबाखू व बिडी सोडावी, रक्तदाब आणि साखर तपासून घ्यावी, कारण या व्याधीत हृदयविकाराचा धोकाही वाढलेला असतो. थंडीत त्वचा कोरडी पडून चट्टे वाढतात, आणि नेमकी तेव्हाच बाजारात संत्रा-मिरचीची धांदल असते. त्या दिवसांत आंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच खोबरेल किंवा साधे मलम लावावे. त्वचेवर जेथे खरचटते तेथे नवा चट्टा उमटू शकतो, म्हणून कट्टा घेताना खांद्यावर आणि मानेवर जाड फडके घ्यावे. मिरचीचे देठ खुडणाऱ्या स्त्रियांनी सुती मोज्यांवर रबरी मोजे चढवावेत. या स्त्रियांच्या बोटांच्या टोकांची आग मिरचीच्या माथी मारली जाते आणि नखांकडे कोणाचे लक्ष जात नाही, म्हणून त्यांच्या घरच्यांनी एकदा त्यांची नखे उजेडात नीट पाहावीत, अशी माझी विनंती आहे.

शेवटी एक मागणे बाजार समितीपाशी, अडत्यांपाशी, हमाल-मापाडींच्या संघटनांपाशी आणि माथाडी मंडळापाशी. 1969 च्या कायद्याने महाराष्ट्रातल्या माथाडी आणि हमाल कामगाराच्या हिताची जबाबदारी एका व्यवस्थेकडे सोपविलेली आहे. त्या व्यवस्थेने संत्र्यांचा हंगाम सुरू होण्याआधी, बाजाराच्या एखाद्या सुटीच्या दिवशी, मेयोच्या किंवा मेडिकलच्या डॉक्टरांना आवारात बोलावून त्वचा आणि सांधे यांची एकत्र तपासणी करण्याची तजवीज करावी. वर दिलेले पाच प्रश्न कोणीही लिहिता-वाचता येणारा कार्यकर्ता पाच मिनिटांत विचारू शकतो, आणि ज्यांची तीन उत्तरे ‘होय’ येतील त्यांची यादी त्याच दिवशी डॉक्टरांपुढे ठेवता येते. ही तजवीज होईल तेव्हा होवो. ज्या वाचकाला सोरायसिस आहे त्याने तोवर न थांबता याच आठवड्यात ते प्रश्न स्वतःस विचारावेत, आणि उत्तर शंकास्पद आले तर पुढच्या ओपीडीच्या दिवशी चिठ्ठी काढावी.